न्यू अशोक नगरच्या पुढे

पुण्यात आता कुणी कुणाकडे न कळवता जात नाही. आधी मेसेज, मग त्या मेसेजला अंगठा, निघताना आणखी एक मेसेज, आणि दारात पोहोचल्यावर बेल वाजवायची सोडून फोन. त्यामुळे परवा भर दुपारी बेल वाजली तेव्हा चष्मा शोधत दाराकडे जाताना माझ्या तोंडून निघून गेलं, "कुमुद तर नव्हे?" कुरियरवाला होता, तोही शेजाऱ्यांचा. पण कुमुद जी डोक्यात शिरली ती दिवसभर काही हलली नाही. तशी ती कुठेही एकदा बसली की लवकर हलत नसेच.

कुमुद पेडणेकर दिल्लीला, मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत, वरच्या मजल्यावर राहायची. तिचे यजमान प्रकाशराव केंद्र सरकारात नोकरीला, मीही केंद्र सरकारात नोकरीला, आणि सोसायटीतली बाकीची मराठी घरंही त्याच पगारावर जगणारी. प्रकाशराव मितभाषी. म्हणजे त्यांना बोलायला आवडत नव्हतं असं नाही, संधी मिळत नसे. कुमुद उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि हसणं असं की आधी हसू जिना उतरून खाली येई आणि मागून ती.

आमची पहिली भेट जोशी काकूंच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. जोशी काकू म्हणजे सोसायटीतल्या आम्हां मराठी बायकांचं हायकोर्ट. कुमुद नव्यानं राहायला आलेली, म्हणून सगळ्यांनी तिला नाव घ्यायचा आग्रह केला. आढेवेढे घेणं हा प्रकार तिला ठाऊकच नव्हता. पदर सावरून तिनं खणखणीत आवाजात सुरू केलं:

"कराचीच्या किनाऱ्यावर अरबी समुद्राची गाज,
प्रकाशरावांचं नाव घेते हळदीकुंकवाला आज."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जोशी काकूंच्या हातातली अत्तरदाणी तशीच हवेत राहिली. "म्हणजे... पाकिस्तानातलं कराची?"

"दुसरं कुठलं असलं तर सांगा ना काकू, तिकडेही जाऊन येईन," कुमुद म्हणाली आणि एकटीच मनमुराद हसली. मग आमचे चेहरे पाहून तिनं समजावून सांगितलं. "माझे आजोबा मालवणचे. कराचीच्या गोदीत नोकरी लागली म्हणून आगबोटीत बसून गेले. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता. म्हणजे आजोबा मुंबई इलाख्यातून निघाले नि मुंबई इलाख्यातच उतरले. या खोलीतून त्या खोलीत! मग घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, आणि आजोबा ज्या खोलीत होते त्याच खोलीत राहिले. आता सांगा, त्यांचं काय चुकलं?"

जोशी काकूंनी अत्तरदाणी खाली ठेवली. त्यांनी तिला आणखी एक तिळाचा लाडू दिला.

पुढचं हळूहळू कळत गेलं. तिचे मामा फाळणीनंतर दिल्लीला आलेल्या शाखेतले. मामेबहिणीच्या लग्नाला कुमुद व्हिसा काढून आली, आणि तिथे पंगतीत जिलबी वाढताना प्रकाशरावांच्या आईनं तिला पाहिलं. आग्रह करून वाढणारी मुलगी आपल्या अबोल मुलाला हवीच, असं त्या माउलीनं तिथल्या तिथे ठरवलं. व्हिसाची मुदत संपायच्या आत बोलणी झाली, पुढच्या खेपेला लग्न.

मी पुण्याची. दुसऱ्याच्या मराठीत खोट काढणं हा आमचा जन्मसिद्ध हक्क. कुमुदच्या मराठीत 'खैर', 'तकलीफ', 'कमाल' हे येता जाता असायचेच, पण त्यांच्या शेजारी फडताळ, उतरंड, बिछायत असे शब्दही असे काही सहज बसलेले असत की मी आपली गप्प राही. कराचीतल्या त्या मोजक्या मराठी घरांनी आजोबांची भाषा लोणच्यासारखी मुरवून ठेवली होती. आमची दिल्लीत वाढलेली मुलं "आई, पंखा चला ना" म्हणायची. तिला ते ऐकवत नसे. "चला काय? पंखा काय फिरायला निघालाय?" गणपतीच्या आधी महिनाभर ती सोसायटीतल्या पोरांना गोळा करून आरत्या घोकून घ्यायची. माझ्या मुलाला 'उंबरा' हा शब्द पाकिस्तानी पासपोर्ट असलेल्या बाईनं शिकवला, हे मी पुण्यात सांगते तेव्हा लोकांना पटत नाही.

तर पासपोर्ट. कुमुदचा सगळा संसार आणि सगळ्या गमती त्याच्याभोवती फिरत, म्हणून नियम सांगायला हवा. ती पाकिस्तानची नागरिक, इथे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर. मुदत संपत आली की परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात जायचं, मुदत वाढवून आणायची. सुरुवातीला नियम असा की परवानगीशिवाय शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मग मध्ये केव्हातरी तो सैल झाला: ज्या राज्यात राहता त्या राज्यात कुठेही फिरा. त्या दिवशी कुमुद पेढे घेऊन खाली आली.

"राजस्थानात राहणाऱ्या आमच्यासारख्या बायकांना सगळा राजस्थान मिळाला, नंदाताई. गुजरातवालीला समुद्रासकट गुजरात! आणि मला काय? दिल्ली शहराच्या ऐवजी दिल्ली राज्य!" असं म्हणून ती इतकी हसली की पेढ्यांचा बॉक्स मलाच धरावा लागला.

"मग पेढे कसले वाटतेस?"

"कमाल करता! त्यांना मिळालं ना!"

आमच्या मयूर विहारातून मेट्रो पुढे नोएडाला जाते. मयूर विहार एक्स्टेन्शन, मग न्यू अशोक नगर, आणि त्याच्या पुढचं स्टेशन उत्तर प्रदेशात. बाकी कुणाला ही सरहद्द दिसतही नाही. लोक मोबाइलमधून डोकं न काढता राज्य ओलांडतात. कुमुदची दुनिया मात्र न्यू अशोक नगरला संपायची. आणि आमच्या निम्म्या मैत्रिणी, जरा मोठे फ्लॅट मिळतात म्हणून, नोएडाला राहायला गेलेल्या. होळीला कुमुदच्या पुरणपोळ्यांवर सगळ्यांचा डोळा. मग ती डबे घेऊन न्यू अशोक नगरच्या फलाटावर उभी राही, नोएडाच्या बायका पलीकडून येत, डबा घेत, गालाला रंग लावत आणि पुढच्या गाडीनं परत जात. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटे, इथे काहीतरी भानगड चालली आहे.

परवानगी मिळतच नसे असं नाही. कुठे, कुणाकडे, किती दिवस हे लिहून अर्ज केला की बहुधा मिळे. पण अर्जात 'प्रयोजन' असा एक रकाना होता, आणि तिथे कुमुदचं घोडं अडायचं. "नोएडाच्या शीलाकडे चहाला जायचंय. प्रयोजन काय लिहू? उगाच, असं लिहिलं तर चालेल?" प्रकाशराव मान हलवत. "मग नको. प्रयोजन असल्याशिवाय मैत्रिणीकडे जायचं म्हणजे सुख, आणि तेच लिहिता येत नाही."

एकदा मात्र ती बिनप्रयोजनाची नोएडात शिरली. पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या मुलांचं नाटुकलं बसवायला ती जायची. रंगीत तालीम करून दमून परत येताना मेट्रोत बसायला जागा मिळाली, आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा न्यू अशोक नगर मागे पडलेलं. दुसरी कुणी असती तर पुढच्या स्टेशनवर उतरून उलट्या गाडीत बसली असती. कुमुदनं विचार केला: गाडी दिल्लीची आहे. गाडीत आहोत तोवर आपण दिल्लीतच. पाऊल टेकवलं तर गुन्हा. म्हणून तिनं चपला काढल्या, पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली, आणि शेवटच्या स्टेशनपर्यंत तशीच गेली. तिथे गाडी रिकामी करायला गार्ड आला.

"माताजी, उतरिए, लास्ट स्टेशन है।"

"भैया, मैं उतर नहीं सकती।"

"क्यों, तबीयत खराब है?"

"तबीयत अव्वल है। पाकिस्तानी हूँ।"

गार्ड मागे सरला, पुढे आला, पुन्हा मागे सरला. मग त्याचा वरिष्ठ आला. कुमुदनं त्याला मालवणच्या आजोबांपासून सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "बैठी रहने दो यार, गाड़ी वापस दिल्ली ही जाएगी।" आणि ती मांडी न मोडता दिल्लीत परत आली.

इथवर ठीक. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ही बाई प्रकाशरावांना रजा टाकायला लावून त्या कार्यालयात गेली आणि आपला गुन्हा आपणहून कबूल केला. तिथले अधिकारी एक वयस्कर सरदारजी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आपने ज़मीन पर पाँव रखा?"

"जी नहीं।"

"उत्तर प्रदेश देखा?"

"जी, काँच में से।"

"तो देखने पर रोक नहीं है, बहनजी," सरदारजी म्हणाले, आणि चहा मागवला.

सगळेच दिवस असे नव्हते. सीमेवर काही झालं की आमच्या सोसायटीतल्या टीव्हींचे आवाज वाढत आणि ठाण्यातला हवालदार चौकशीला येई. तोही दरवेळी ओशाळलेला. कुमुद त्याला आधी कोकम सरबत देई, मग उत्तरं. मग तो शेजाऱ्यांकडे तिच्या वागणुकीची विचारपूस करत फिरे. जोशी काकूंनी त्याला हायकोर्टाच्या थाटात सांगितलं होतं, "चाल-चलन बहुत अच्छा है। लेकिन आमटी में गुड़ बिल्कुल नहीं डालती।" त्या दिवसांत तिचं हसू जिना उतरत नसे. ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन मेथी निवडत बसे. मी तिची बाजू घेऊन सरकारवर तोंडसुख घ्यायला लागले तर तिला ते खपत नसे.

"घर म्हटलं की दार आलं, दार म्हटलं की कडी आली. कोण आहे म्हणून विचारणारच," ती म्हणायची. आणि एकदा थांबून म्हणाली, "पण इतकी वर्षं उंबऱ्यात उभं राहिलं ना नंदाताई, की पाय दुखतात गं."

मी उरलेली मेथी तिच्याकडून ओढून घेतली.

दर संक्रांतीला मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जायची. पानिपत हरियाणात, म्हणजे कुमुदला पुन्हा अर्ज, पुन्हा प्रयोजन. ती बसपर्यंत येऊन तिळगूळ देऊन परत फिरे. "लढाईनंतर जे परत गेले नाहीत, तिकडेच शेती धरून राहिले, त्यांच्या नावानं वाटा. ते माझ्यातलेच. त्यांना कुणी विचारलं होतं का प्रयोजन?" बसमधल्या इतिहासाच्या जाणकारांनी यावर बराच वाद घातला असता, पण बस सुटत असे.

तुम्ही म्हणाल, नवरा भारतीय, मग एवढी वर्षं नागरिकत्वाचा अर्ज का केला नाही? मीही तिला हेच विचारलं होतं. कारण वडील. ते कराचीला अंथरुणाला खिळलेले. नागरिकत्व हवं तर तिकडचा पासपोर्ट सोडावा लागणार, आणि तो सोडला की ऐनवेळी बापाकडे धावता येईल याची काय खात्री? ते होते तोवर तिनं विषयच काढू दिला नाही. ते गेले, ती कराचीला जाऊन आईला भेटून आली, आणि मग अर्ज केला. अर्जाची फाईल या कार्यालयातून त्या कार्यालयात जात राहिली. "माझ्यापेक्षा माझी फाईल जास्त हिंडते," कुमुद सांगायची. "तिला परवानगी लागत नाही ना!"

फाईल हिंडत असतानाच तिची एकुलती एक लेक रसिका हिचं लग्न झालं. मुलगा चांगला, घर चांगलं, पण पत्ता नोएडाचा. न्यू अशोक नगरच्या पुढे दोन स्टेशनं. लग्न अर्थातच दिल्लीत केलं. पण पाठवणीच्या वेळी, जिथे सगळ्या आया रडतात, तिथे कुमुदनं एक पण केला. रसिकानं आधीच सांगून ठेवलं होतं, की आई, परवानगी काढून गृहप्रवेशाला ये. प्रकाशराव अर्ज भरून तयार होते.

"लेकीच्या घरी परवानगी काढून जायचं?" कुमुद म्हणाली. "तारीख लिहून, प्रयोजन लिहून? मी येईन ना बाळा, पण येईन तर न सांगता येईन. नाहीतर येणार नाही."

जोशी काकू समजूत घालायला गेल्या. "अगं, तसंही लेकीच्या घरचं पाणी एवढ्यात पिऊ नये म्हणतात." कुमुद उठून आत गेली आणि रसिकाच्या बॅगांचे पट्टे आवळायला लागली.

त्यानंतर दर रविवारी रसिकाच इकडे यायची. कुमुद लेकीचं घर व्हिडिओ कॉलवर बघायची. पडदे कुठले, ओट्याची उंची किती, कुंडीतल्या तुळशीला ऊन लागतं की नाही, सगळं तिला पाठ. त्या घरात ती कधी गेलेली नाही हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. रसिका फोन ठेवताना विचारी, "आई, फाईल कुठे आहे आता?" आम्ही सगळेच फाईलची चौकशी अशी करायचो, जशी लोक पोटुशी सून कितव्या महिन्यात आहे म्हणून करतात.

शेवटी पत्र आलं: अर्ज मंजूर होतो आहे, आधीचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला आणा. ज्या दिवशी ती पाकिस्तानच्या वकिलातीत पासपोर्ट परत करून आली, त्या संध्याकाळी थेट माझ्याकडे आली. "खिडकीतल्या माणसानं विचारलं, बीबी, पक्का? मी म्हटलं, पक्का. बाहेर येऊन फुटपाथवर ढसाढसा रडले. हे नुसते छत्री धरून उभे. मग मला जाम भूक लागली, छोले-भटुरे खाल्ले." कराचीला फोन केला तेव्हा तिची आई म्हणाली होती, बरं झालं, एका पोरीनं तरी ठिकाण धरलं. "लग्न झालं की मुलगी माहेरी पाहुणी होते म्हणतात, नंदाताई. माझ्या बाबतीत ते सरकारांनीच लिहून दिलं." हे सांगताना ती हसली, पण डोळे पुसत.

शपथेचा दिवस आला तेव्हा मी निवृत्त झाले होते आणि आमचं सामान पुण्याला जाण्यासाठी खोक्यांत भरून झालं होतं. कुमुदनं महिनाभर आधीपासून शपथ पाठ केली होती. वरच्या मजल्यावरून कुकरच्या शिट्ट्यांमधून निष्ठेची वाक्यं ऐकू येत. त्या दिवशी तिनं डाळिंबी रंगाची साडी नेसली, पर्समध्ये ओल्या नारळाच्या करंज्यांचा डबा ठेवला आणि मला बरोबर घेतलं. कार्यालयात तिनं शपथ अशा आवाजात घेतली की बाहेरच्या व्हरांड्यातले लोक उठून उभे राहिले. साहेबांनी दाखला हातात देत हसून विचारलं, "अब कहाँ जाएँगी?"

"घर," कुमुद म्हणाली.

प्रकाशराव अर्ध्या दिवसाची रजा होती म्हणून तिथूनच ऑफिसला गेले. आम्ही दोघी मेट्रोत बसलो. मला वाटलं, ती आता अखंड बोलत सुटेल. ती दाखला पर्सवर आडवा ठेवून एकेक स्टेशन मोजत होती. मयूर विहार एक्स्टेन्शन आलं तशी मी उठले. ती उठली नाही.

"तुम्ही उतरा, नंदाताई. मी जरा पुढे जाऊन येते."

मी कसली उतरतेय! पुन्हा तिच्याशेजारी बसले. न्यू अशोक नगर आलं. दारं उघडली, माणसं उतरली, चढली, दारं मिटली. गाडी हलली. कुमुदनं खाली आपल्या पायांकडे पाहिलं, आणि दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवून ठेवले. माझा हात तिनं इतका आवळला की बांगडी रुतली. बाहेर तेच ऊन, त्याच इमारती, तेच पाण्याच्या टाक्यांचे गच्च्यांवरचे ढीग. "कमाल आहे," ती काचेला नाक लावून म्हणाली, "अगदी दिल्लीसारखंच आहे की गं!"

रसिकाचा पत्ता तिला विचारावा लागला नाही. रिक्षावाल्याला ती वळणं सांगत होती, जणू जन्म तिथेच गेला. जिना चढून दाराशी पोहोचलो. दाराला कुलूप.

कामाचा दिवस, लेक-जावई दोघं ऑफिसात. हे आम्हां दोन शहाण्या बायकांच्या डोक्यात आलंच नव्हतं. मी म्हटलं, फोन कर तिला. कुमुदनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलतंच काही बोलले होते. ती पदर सावरून लेकीच्या दारासमोरच्या पायरीवर बसली, डबा उघडला, एक करंजी मला दिली, एक स्वतः घेतली. दाराच्या कडेला तुळशीची कुंडी होती. तिनं बोट खुपसून माती ओली आहे का पाहिलं.

आवाजानं समोरचं दार उघडलं. एक तरुण मुलगी डोकावली. "आंटी, किससे मिलना है?"

"रसिका से। मैं उसकी मम्मी।"

"अच्छा! पर वो तो शाम को आएगी। आपने फोन नहीं किया? कुछ काम था?"

कुमुदनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"काम?" ती म्हणाली. "नहीं बेटा। काम कुछ भी नहीं। ऐसे ही आ गई।" मग ते शब्द तिला इतके गोड लागले की तिनं ते पुन्हा म्हटले, "ऐसे ही!" आणि ती हसायला लागली. ते हसू जिना उतरत पार खालपर्यंत गेलं. त्याच्या मागोमाग उतरायची तिला घाई नव्हती. उत्तर प्रदेशातल्या त्या पायरीवर, लेकीच्या कुलपाशी, ती मजेत पाय पसरून बसली होती.